गोबी आणि मंगोलियाचा गवताळ प्रदेश माउंटन बाइकने: मार्गदर्शकासह जावे का, आणि कोकणात राहून तयारी कशी करावी?

पूर्णगडकर

सर्व सभासदांना नमस्कार. आंब्याचा हंगाम आटोपल्यावर, म्हणजे येत्या जूनमध्ये, मंगोलियात जाऊन गोबीचे वाळवंट आणि त्याच्या उत्तरेचा गवताळ प्रदेश माउंटन बाइकने ओलांडण्याचे मी जवळजवळ निश्चित केले आहे. मोहीम स्थानिक मार्गदर्शकासह आहे. दालनझादगाद या दक्षिणेच्या गावातून निघून योलिन आमची घळ, खोंगोरीन एल्सच्या वाळूच्या टेकड्या, बायनझागचे लाल कडे, ओंगी मठाचे अवशेष आणि शेवटी ओर्खोन खोऱ्यातील खारखोरीन असा दोन आठवड्यांचा मार्ग आखलेला आहे. सामान, पाणी आणि तंबू गाडीतून जातील, स्वयंपाकी सोबत असेल, आणि आपण फक्त सायकल चालवायची.

जूनच का, असे विचाराल तर बागेची कामे मेअखेर संपतात आणि भाताची लावणी जुलैत येते. मधला काळच काय तो माझा. सप्टेंबरही तेथे उत्तम असतो असे म्हणतात, परंतु गणपतीत घर सोडून जाणे मला शक्य नाही आणि तशी इच्छाही नाही.

माझी सगळी सायकल सागरी मार्गावर आणि घाटांत झालेली आहे. हवा दमट, वाटेत माडाची सावली, दर काही किलोमीटरवर चहाची टपरी. यांतले काहीच नसलेल्या प्रदेशासाठी शरीराची आणि सायकलची तयारी येथे राहून कशी करावी, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न मार्गदर्शकाविषयी. काही मित्रांना अशी मोहीम कमअस्सल वाटते. माझे मत उलट आहे: ज्या भूमीत पाणी कोठे आहे हेच मला ठाऊक नाही, तेथे जाणत्या माणसाच्या मागून जाणे हाच तिचा योग्य मान आहे. तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

तवसाळ खाडी

मी याच भागात मार्गदर्शकासह जाऊन आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोबी म्हटले की वाळू डोळ्यांसमोर येते, पण गोबीचा फार थोडा भाग वाळूचा आहे. बाकी सारा खडीचा, उघड्या खडकाचा, कडक मातीचा आणि विरळ झुडपांचा प्रदेश आहे. खोंगोरीन एल्सची रांग शंभर किलोमीटरहून लांब आहे, परंतु तिच्यावर सायकल चालत नाही. तिच्या कडेकडेने जायचे असते. संध्याकाळी सायकल खाली ठेवून टेकडीवर चढावे. वाळू घसरू लागली की तिच्यातून खोल घुमणारा आवाज येतो आणि तो पायांनाही जाणवतो.

रस्त्याची आपली कल्पना मात्र येथेच ठेवून जावी. डांबरी रस्ता सोडला की उरतात त्या गाड्यांच्या चाकोऱ्या. एक चाकोरी वापरून वापरून पन्हाळी पत्र्यासारखी झाली की पुढचा चालक तिच्या शेजारून नवी काढतो, मग तिसरा आणखी बाजूने जातो, आणि काही वर्षांत एकाच दिशेला जाणाऱ्या दहा-पंधरा समांतर चाकोऱ्या तयार होतात. त्यांतल्या काही पुढे पुन्हा एकत्र येतात, तर काही हळूहळू फुटून दुसऱ्याच खोऱ्यात उतरतात. नकाशात ही सारी एकच रेष असते.

आमचा मार्गदर्शक दुपारी एका विहिरीवर थांबला, तेव्हा तेथे घोड्यांचा कळप पाणी पीत होता. कळप पिऊन होईपर्यंत त्याने आम्हांला बाटल्या भरू दिल्या नाहीत, कारण तेथे गुरांचा हक्क आधी असतो. तेवढ्या वेळात तो पशुपालकाशी बोलत बसला. त्या बोलण्यातून कळले की पुढच्या मुक्कामाची विहीर यंदा आटली आहे आणि तिच्या जवळची कुटुंबे पश्चिमेला सरकली आहेत. आमचा त्या दिवसाचा मार्ग तेथेच बदलला. मार्गदर्शक कशासाठी लागतो, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. वाट दाखवणारी यंत्रे पुष्कळ मिळतात. यंदाची विहीर कोणती, हे त्या विहिरीवर येणारा माणूसच सांगतो, आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलता आले पाहिजे.

घाटमाथा

तवसाळ खाडी यांचा अनुभव मोलाचा आहे, परंतु मला हे पूर्ण पटत नाही. मागे गाडी, पुढे स्वयंपाकी, संध्याकाळी उभा असलेला तंबू, असे सगळे असताना सायकलस्वाराच्या वाट्याला नेमके काय उरते? वाट शोधणे, चुकणे, परत फिरणे, उद्याच्या पाण्याचा आज विचार करणे ही प्रवासाची गाभ्याची कामे आहेत आणि तीच आपण दुसऱ्याला देऊन टाकतो. सायकलला सामान बांधून एकट्याने मंगोलिया ओलांडणारे लोक आहेतच. माझ्या मते पूर्णगडकरांनी आणखी एक वर्ष थांबावे, कच्छच्या रणात किंवा स्पितीत स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करावा आणि मग मंगोलियाला स्वतंत्रपणे जावे.

निवती किनारा

आमच्याकडून एकच विनंती: जाण्यापूर्वी पोटभर बांगडे खाऊन घ्या, कारण समुद्रापासून इतका दूर देश शोधून काढलात की परत येईपर्यंत मासळीची आठवणच काढावी लागेल. बाकी मोहिमेला मनापासून शुभेच्छा.

तवसाळ खाडी

घाटमाथा, तुमचा मुद्दा मी हलका मानत नाही, पण पाण्याचा हिशेब मांडून पाहा. दिवसभर उन्हात सायकल चालवणाऱ्याला पिण्यासाठी पाच-सहा लिटर, स्वयंपाक आणि इतर गरजांसाठी आणखी दोन लिटर धरले, तर दिवसाचे आठ लिटर होतात. तीन दिवस पाणी मिळणार नाही असा टप्पा असेल तर चोवीस किलो वजन केवळ पाण्याचे झाले. त्यावर तंबू, अन्न आणि सुटे भाग. हे वाहून नेणारे आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मात्र त्या वजनामुळे ते बहुधा मुख्य चाकोऱ्या आणि वस्त्या धरून जातात. गाडी सोबत असल्यामुळे आम्हांला पाण्यापासून दूरच्या डोंगररांगांमधून जाता आले.

अंतराची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगतो. मंगोलियाचे क्षेत्रफळ सुमारे १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट आहे. लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे लोक एकट्या उलानबातर शहरात राहतात. उरले साधारण आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढे लोक, आणि ते एवढ्या भूमीवर पसरलेले. चेन तुटली तर पुढच्या वाडीत कोणीतरी भेटेल हा आपला कोकणातला भरवसा तेथे लागू पडत नाही.

दापोली दवाखाना

वैद्यकीय बाजूने थोडे लिहितो.

दमट हवेत घाम अंगावर राहतो, त्यामुळे तो किती गेला हे आपल्याला दिसते. कोरड्या हवेत तो निघताक्षणी उडून जातो. कपडे कोरडे असतात आणि शरीर मात्र पाणी गमावत असते. कोकणातून गेलेल्या माणसाची फसगत येथे होण्याचा संभव अधिक. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे आणि लघवीच्या रंगावर लक्ष ठेवावे. त्याचबरोबर नुसते पाणी लिटरमागून लिटर पिऊ नये, कारण रक्तातील सोडियम उतरणे हाही गंभीर प्रकार आहे आणि त्यात डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण अशी लक्षणे दिसतात. ओआरएसची पाकिटे भरपूर न्यावीत आणि एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे. दाट केलेले द्रावण अपाय करते. आमसुलाचे सरबत मीठ-साखर घालून पिण्यास माझी हरकत नाही, उलट सवयीची चव असली की माणूस अधिक पितो, पण जुलाब किंवा उष्माघाताची लक्षणे असताना ओआरएसच घ्यावे.

उंचीची चिंता करू नये. दालनझादगाद सुमारे दीड हजार मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा किंचित अधिक. पहिले एक-दोन दिवस दम थोडा लवकर लागेल, तेवढेच.

कुत्रा चावल्यास रेबीजची लस वेळेत मिळणे तेथे अवघड आहे, म्हणून जाण्यापूर्वीच प्रतिबंधक डोस घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. वाटेत मार्मोट नावाचे जाड खारीच्या कुळातले प्राणी दिसतील. त्यांना हात लावू नये, आणि त्यांचे मांस कोणी देऊ केले तरी नम्रपणे नाकारावे. त्यांच्यात प्लेगचे जंतू असू शकतात. २०१९ साली पश्चिम मंगोलियात मार्मोटचे कच्चे अवयव खाल्ल्यामुळे एका जोडप्याचा प्लेगने मृत्यू झाला होता.

चाकोरी

चिपळूणला सायकलदुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे यंत्राच्या बाजूने लिहितो.

सायकल ट्यूबलेस करून घ्या आणि टायर निदान सव्वादोन इंच रुंदीचे ठेवा. खडीवर वीस ते पंचवीस पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा बरी पडते आणि वाळूचा पट्टा आला की ती आणखी उतरवावी लागते, म्हणून लहान पंपाबरोबर हवामापकही घ्या. आपल्याकडे पावसाळा सरला की मोकळ्या जमिनीवर सराटे पसरतात, तेच सराटे गोबीतही आहेत, शिवाय काटेरी झुडपे निराळी. सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, नसलेली ट्यूब तेथे टिकणार नाही. कोरड्या हवेत सीलंट लवकर सुकते, तेव्हा निघण्यापूर्वी ताजे भरा आणि एक बाटली गाडीत ठेवा. तरीही दोन ट्यूब बरोबर असू द्या, कारण टायर बाजूने फाटला तर सीलंट काही करू शकत नाही.

पावसाळ्यात आपण चेनला जे चिकट तेल लावतो ते तेथे अजिबात लावू नये. त्यावर बारीक धूळ बसते आणि चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) दोन्ही घासून जातात. मेणाचे कोरडे वंगण वापरावे आणि रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने चेन पुसावी. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून तो आपल्या सायकलचाच विकत घेऊन ठेवावा. दगडावर सायकल आडवी पडली की पहिला तोच वाकतो. चेनच्या जोडकड्या, ब्रेकपॅड आणि योग्य लांबीच्या चार-सहा आऱ्या एवढे तर हवेच. वाटेत कोठे सायकलचे दुकान लागेल असे गृहीत धरू नका.

एक गोष्ट खास किनाऱ्यावरच्या लोकांसाठी. खाऱ्या हवेने आपले बोल्ट आणि केबल आतून गंजलेले असतात. येथे ते कसेबसे चालतात, पण त्या हादऱ्यांवर तुटतात. हंगामापूर्वी सायकल पूर्ण उघडून सगळ्या केबल बदलून घ्या. तेथेच सायकल भाड्याने घेणार असाल तर निदान आपली सीट आणि पेडल घेऊन जा.

अनुस्कुरा

पूर्णगडकर, सरावासाठी तुम्हांला लांब जाण्याची गरज नाही. तुमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. जयगडपासून खाली राजापूरपर्यंत पसरलेल्या जांभ्या कातळाच्या सड्यांवर झाड नाही, सावली नाही, सुट्या खडीवर चाक घसरते आणि दुपारनंतर समुद्राकडचा वारा तोंडावर येतो. गोबीच्या सरावासाठी कोकणात याहून योग्य जागा मला माहीत नाही. दिवाळीनंतर सुरुवात करा, कारण फेब्रुवारी-मार्चपासून बागेतून तुम्हांला मान वर करता येणार नाही. सलग दोन-तीन दिवस रोज सहा-सात तास सीटवर बसण्याची सवय लावा. त्या प्रवासात एका दिवसाचे अंतर जड जात नाही. पाचव्या, सहाव्या दिवशी सकाळी पुन्हा बसणे जड जाते.

आता दिशेविषयी. मंगोलियात वारे बहुधा वायव्येकडून किंवा पश्चिमेकडून वाहतात. तुमचा मार्ग दक्षिणेतून निघून वायव्येच्या अंगाने वर जातो, म्हणजे मोकळ्या मैदानात वारा सतत अंगावर घ्यावा लागेल. हाच मार्ग खारखोरीनकडून सुरू करून दक्षिणेला उतरता येईल का, हे आयोजकांना विचारावे. आधी गवताळ भागात पाय मोकळे होतील आणि मग वाळवंट येईल.

तवसाळ खाडी

अनुस्कुरा यांचा वाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे, मात्र दुसरी बाजूही पाहावी. जून पुढे सरकतो तसा गोबी तापत जातो आणि उत्तरेचे गवत हिरवे होत जाते. दक्षिणेतून निघाल्यास वाळवंट त्यातल्या त्यात सौम्य असताना पार होते आणि योलिन आमच्या घळीत जूनमध्येही बर्फ शिल्लक सापडतो. मी तरी ऊन टाळण्यासाठी वारा पत्करीन. उजेड रात्री नऊपर्यंत असतो, त्यामुळे पहाटे लवकर निघून दुपारी गाडीच्या सावलीत थांबायचे आणि उरलेले अंतर संध्याकाळी कापायचे, असा दिवस लावता येतो. दिवसा तीस अंश असले तरी रात्री पारा दहा-बारावर येतो. आपल्याकडे जानेवारीतही अंगावर न चढणारे गरम कपडे तेथे जूनमध्ये लागतील.

गुहागरची लेक

येथे आतापर्यंत कोणी न लिहिलेला विषय मी लिहिते, कारण हा धागा वाचणाऱ्या मुलींना त्याची गरज आहे. ज्या प्रदेशात क्षितिजापर्यंत एकही झाड नाही, तेथे दिवसभराच्या प्रवासात आडोसा कोठून मिळणार? मी राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला गटाबरोबर सायकल चालवली आहे आणि अडचण तीच होती. आडोसा मिळत नाही म्हणून काही जणी पाणी कमी पितात, आणि दवाखानेवाल्या काकांनी वर लिहिलेले सगळे धोके तेथूनच सुरू होतात. आमच्याबरोबर गाडी होती, तिच्यात एक लहान उभा तंबू होता आणि दर थांब्यावर तो न सांगता उभारला जात असे. गाडी सोबत असणे म्हणजे लाड नव्हेत, घाटमाथा दादा. आमच्यातल्या बऱ्याच जणी केवळ त्या सोयीमुळे येऊ शकल्या. आयोजकांना नोंदणीपूर्वी हे स्पष्ट विचारावे, आणि गटात निदान आणखी एक स्त्री आहे का, हेही.

पाळीच्या दिवसांत लागणारे सर्व साहित्य येथूनच न्यावे आणि वापरलेले परत आणण्यासाठी घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या ठेवाव्यात. वाळवंटात पुरलेले काही लवकर कुजत नाही.

घाटमाथा

ताई, तुमचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि तो पूर्णपणे रास्त आहे. पाण्याचा हिशेबही मान्य. माझा आक्षेप आता थोडा वेगळ्या शब्दांत मांडतो. मार्गदर्शक असावा, पण तो प्रवाशाला शिकवणारा असावा. सकाळी नकाशा मांडून आजचा मार्ग, वाऱ्याची दिशा, पुढचे पाणी, अडचण आल्यास कोणत्या बाजूला उतरायचे हे सर्वांना सांगणारा मार्गदर्शक आणि नुसते 'माझ्या मागे या' म्हणणारा मार्गदर्शक यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या मोहिमेतून माणूस फोटो घेऊन येतो आणि त्या भूमीबद्दल त्याला काहीच कळलेले नसते. पैसे भरण्यापूर्वी हे कसे ओळखावे, ते जाणकारांनी सांगावे.

तवसाळ खाडी

हा प्रश्न आवडला. मार्गदर्शक स्वतः सायकलवर असतो की गाडीत बसतो, हे आधी विचारावे. सर्वांत मागे कोण राहते, गटात जास्तीत जास्त किती जण, गाड्या किती, कारण एकच गाडी असेल आणि तिने जखमी माणसाला गावात नेले तर उरलेल्यांचे पाणी कोणाकडे, हेही विचारावे. किती दिवसांचे पाणी गाडीत असते? उपग्रह फोन कोणाकडे आहे, आणि तो चालवणारा माणूस स्वतःच पडला तर दुसऱ्या कोणाला तो येतो का? ज्यांच्या गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल घरांमध्ये, मुक्काम होणार त्या कुटुंबांना मोबदला कसा मिळतो? या प्रश्नांची नेमकी उत्तरे देणारा आयोजक मार्गदर्शकही बहुधा चांगला नेमतो, असे माझे निरीक्षण आहे. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क आणि मार्ग चीनच्या सीमेजवळ जात असल्यास लागणारा वेगळा परवाना कोण काढणार, हेही लेखी घ्यावे.

उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र हौसेने विकत घेऊन येथून नेण्याचा विचार कोणी करत असेल तर थांबावे. परवानगीशिवाय असे यंत्र भारतात बाळगणे कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर त्यावरून अटकही झालेली आहे. ते काम स्थानिक आयोजकाच्या यंत्रावर सोडावे.

कुत्र्यांविषयी राहिले होते. गेरजवळचे राखणीचे कुत्रे मोठे असतात आणि सायकलच्या मागे धावतात. वेग वाढवू नये. उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी आणि घरातले कोणी बाहेर येईपर्यंत थांबावे. दूरवरूनच 'नोखोई खोर', म्हणजे 'कुत्रा आवरा', अशी हाक देण्याची तेथे रीतच आहे. आत जाताना उंबऱ्यावर पाय ठेवू नये, डाव्या बाजूने फिरावे, मधल्या दोन खांबांच्या मधून जाऊ नये, आणि वाडगा पुढे आला की उजव्या हाताने घ्यावा. त्यात बहुधा मीठ घातलेला दुधाचा चहा असतो. दिवसभराच्या उन्हानंतर तो फार बरा वाटतो.

कुडाळकर काका

माझे गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत, पण हे सगळे वाचून फार ओढ वाटते आहे. बॅटरीवर चालणारी माउंटन बाइक अशा मोहिमेत चालेल का? आणि मी शुद्ध शाकाहारी आहे, त्याचे काय?

चाकोरी

काका, सायकल चालेल, पण बॅटरी विमानातून नेता येणार नाही. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरहून मोठी लिथियम बॅटरी चालत नाही आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या बहुधा चारशेच्या पुढे असतात. त्यामुळे सायकल तेथेच भाड्याने मिळते का आणि रोज रात्री गाडीवरून बॅटरी भरण्याची सोय आहे का, या दोन्हींची खात्री करूनच पुढे जावे.

गुहागरची लेक

काका, शाकाहाराचे कळवून ठेवले तर सोबतचा स्वयंपाकी भात, बटाटे, कोबी, शेवया यांची सोय करू शकतो; मात्र गेरमध्ये जे मिळेल ते बहुतेक मांस आणि दूधदुभते असते. तुम्ही कुळथाचे पीठ आणि मेतकूट पाकीटबंद न्या. कुळथाच्या पिठीला पाणी, मीठ आणि दहा मिनिटे एवढेच लागते. खाद्यपदार्थ नेण्याचे तेथील नियम तेवढे निघण्यापूर्वी पाहून घ्या.

सड्याची राखण

सरावासाठी सड्यावर जा असे अनुस्कुरा यांनी सुचवले, ते योग्यच आहे, पण एक कळकळीची विनंती जोडतो. उक्षी, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे या परिसरातील सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पे आहेत आणि २०२२ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. सगळ्यांभोवती कुंपण नाही. गवत वाढले की ती दिसतही नाहीत. सड्यावर मळलेली वाट सोडून सायकल घालू नका, आणि पावसाळ्यात तर मुळीच नको, कारण कातळाच्या त्या बोटभर मातीत चार महिन्यांपुरती वनस्पतीसृष्टी उगवते आणि तिच्यावरून गेलेले चाक पुढच्या वर्षीही दिसते.

मंगोलियातही हेच पाळावे असे मला वाटते. तवसाळ खाडी यांनी समांतर चाकोऱ्यांचे वर्णन केले. प्रत्येक नवी चाकोरी म्हणजे उखडलेले गवत. दक्षिण गोबीत वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. सडा सोडला तर येथे खरवडलेली जमीन एका पावसात झाकली जाते. तेथे ती वर्षानुवर्षे उघडी राहते. त्यात काश्मिरी लोकरीसाठी शेळ्यांची संख्या वाढली आहे आणि कुरणांवर ताण आहे. उन्हाळा कोरडा जाऊन पाठोपाठ कडक हिवाळा आला की गुरे उपाशी मरतात. २००९-१० च्या हिवाळ्यात ८० लाखांहून अधिक जनावरे दगावली आणि असंख्य कुटुंबांना कुरण सोडून शहराच्या कडेला जावे लागले. आपल्याला जी मोकळी, रिकामी जमीन वाटते ती कोणाच्या तरी गुरांचा चारा आहे. मार्गदर्शक आवश्यक वाटण्याचे माझे कारण हे आहे: कोठून जाऊ नये, हे सांगणारा माणूस हवा.

निवती किनारा

बायनझाग म्हणजे डायनासोरची अंडी सापडली ती जागा ना? तेथे थांबायला पुरेसा वेळ मिळतो का? घरात एक लहान संशोधक आहे, त्याने हा प्रश्न विचारायला लावला.

तवसाळ खाडी

तीच जागा. १९२३ मध्ये अमेरिकेच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या मोहिमेला, रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली, तेथे अंड्यांची घरटी सापडली. व्हेलॉसिरॅप्टरचे पहिले अवशेषही तेथलेच. त्या संशोधकाला सांगा की अंडी प्रोटोसेरॅटॉप्सची आहेत असा समज सत्तर वर्षे टिकला. घरट्याजवळ सापडलेल्या दुसऱ्या प्राण्याला अंडीचोर ठरवून त्याचे नाव ओव्हिरॅप्टर ठेवले गेले. पुढे १९९०च्या दशकात अशाच अंड्यात त्याच कुळातले पिल्लू सापडले आणि घरट्यांवर बसलेले प्रौढ प्राणीही आढळले, तेव्हा तो चोर नव्हता, हे सिद्ध झाले. कडे मऊ लाल वालुकाश्माचे आहेत, त्यामुळे सायकल वरच ठेवून पायी फिरावे. जीवाश्माचा तुकडा उचलणे तेथे गुन्हा आहे. सूर्यास्तापर्यंत थांबता येईल असा मुक्काम ठेवायला आयोजकांना आवर्जून सांगावे.

अनुस्कुरा

विजेचे राहून गेले. तेथील बहुतेक पाऊस उन्हाळ्यातच आणि तोही अनेकदा गडगडाटासह पडतो. सपाट मैदानावर सायकलवर बसलेला माणूस हीच सर्वांत उंच वस्तू असते. ऑक्टोबरमध्ये सड्यावर वीज पडून माणसे आणि गुरे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ढग काळवंडू लागताच उंचवटा सोडून खाली यावे आणि बंद गाडीत बसावे. गाडी दूर असेल तर सायकलपासून लांब होऊन सखल जागी उकिडवे बसावे. पण कोरड्या ओढ्याच्या पात्रात थांबू नये किंवा तंबू ठोकू नये. दूरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी तेथून अचानक येते.

पूर्णगडकर

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला आणि काही गोष्टी ठरवून टाकल्या.

मार्गदर्शकासहच जाणार. घाटमाथा आणि तवसाळ खाडी यांनी सांगितलेले प्रश्न मी काल आयोजकांना लिहून पाठवले. मार्गदर्शक स्वतः सायकलवर असतो, गाड्या दोन आहेत आणि रोज सकाळी नकाशावर मार्ग समजावतात, असे उत्तर आले. गेरमधील मुक्कामाच्या मोबदल्याबाबतचे उत्तर मात्र मोघम आहे, म्हणून पुन्हा विचारले आहे आणि ते नीट कळल्याशिवाय पैसे भरणार नाही. जे आपल्याला घरात घेतात, त्यांच्या पदरात काय पडते हे न विचारता जाणे मला बरे वाटत नाही. पर्यटनाच्या हंगामात आपल्या किनाऱ्यावरही हा प्रश्न आहेच. दिशेबाबत जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेतून निघण्याचे नक्की केले. वारा सोसेन.

दिवाळीनंतर दर रविवारी पूर्णगड ते कशेळी सड्यावरून सराव सुरू करतो आहे, मळलेल्या वाटेनेच. पहाटे साडेपाचला निघून दहाच्या आत परत. कोणाला यायचे असल्यास येथेच लिहावे. पाण्याच्या दोन बाटल्या प्रत्येकाने आपापल्या आणाव्यात.

घाटमाथा

मी येतो. राजापूरहून सायकलनेच येईन, आदल्या रात्री मुक्कामाची सोय सांगा.

गुहागरची लेक

आम्ही दोघी येऊ. तवसाळ-जयगड फेरीने शनिवारी दुपारी पलीकडे उतरतो.

कुडाळकर काका

मोहिमेला नाही जमले तरी सड्यावर नक्की. सायकलची पेटी मुंबईपर्यंत रेल्वेने कशी नेता येते, हे कोणाला ठाऊक असल्यास सांगावे. पूर्णगडकरांनाही उपयोग होईल.

चाकोरी

काका, पेटीत बांधलेली सायकल कोकण रेल्वेवर सामान म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवता येते. त्यासाठी आपल्याच गाडीचे तिकीट दाखवावे लागते आणि गाडीच्या वेळेआधी बराच वेळ पार्सल कार्यालयात पोहोचावे लागते. पेटीवर दोन्ही बाजूंना नाव आणि उतरण्याचे स्थानक ठळक लिहावे, चाके काढल्यावर फोर्कच्या दोन दांड्यांमध्ये लाकडी ठोकळा घालावा, आणि डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत फडक्यात गुंडाळून बांधावा. पूर्णगडकरांची पेटी मी स्वतः भरून देईन. मेअखेर एक दिवस चिपळूणला या.